मार्जरीताईंचं न ठरलेलं लग्न

ऑक्टोरारा ओढा, लँकेस्टर जिल्हा, पेनसिल्व्हेनिया
१७ एप्रिल १७८०

प्रिय मार्जरीताई,

अक्षर बघून दचकू नकोस. हे सुबक अक्षर माझं नाही, केझायाचं आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी आलंय. समोर माणूस आहे की घोडा एवढं कळतं, तेही घोडा असला तर. माझ्या बायकोनं, सारानं मरण्याआधी केझायाला बायबल वाचण्यापुरतं शिकवलं, तेव्हा गुलामाला कशाला अक्षरं म्हणून मी सारावर ओरडलो होतो. आता केझायाच माझे डोळे. मी सांगतो, ती लिहिते. सांगेन तसंच लिहायचं, आपली अक्कल चालवायची नाही, अशी सक्त ताकीद दिली आहे.

चर्चचं तुला कळलं असेलच. आपल्या बापजाद्यांची रीत म्हणजे एकानं पुढे उभं राहून स्तोत्राची एक ओळ सांगायची, मग सगळ्यांनी ती सावकाश, जिवाला लागेल अशी गायची, मग पुढची ओळ. नवे पाद्रीबुवा म्हणतात, ओळ सांगायची गरज नाही, सरळ गा! गेल्या सप्टेंबरात सगळे उधळलेल्या घोड्यांसारखे गात सुटले. मी भर प्रार्थनेत उठलो आणि घरी आलो. तेव्हापासून गावात कुणाशी बोलत नाही. पाणचक्की हाइनरिख सांभाळतो. त्याला इंग्रजी येत नाही आणि मला जर्मन, त्यामुळे आमचं उत्तम चाललंय. रविवारी घरातच केझाया ओळ सांगते आणि मी गातो.

कधीकधी वाटतं कुणीतरी यावं. हे लिहू नकोस. लिहिलंस? खोड. खोडलंस ना? बरं.

तर ताई, जगात काय चाललंय ते आता तुझ्या पत्रातूनच कळणार. भरपूर लिही. तीन पानांपेक्षा कमी लिहिलंस तर मी कागद चाचपून ओळखीन.

तुझा भाऊ,
आर्चिबाल्ड मॅकँडलिश
(हस्ते केझाया)


फिलाडेल्फिया, ५ जून १७८०

प्रिय आर्ची,

तुझा हट्टीपणा आईकडून आलाय, तेव्हा त्यावर मी काही बोलत नाही. माझं बरं चाललंय. गुडघे सोडून. शेजारच्या ओबडाया ट्रिंबल मेणबत्तीवाल्यानं परवा चांगल्या मेणबत्त्यांची एक पेटी दिली, भला माणूस आहे.

आता कामाचं. नीट कान देऊन ऐक. मार्चमध्ये आपल्या राज्याच्या विधिमंडळानं गुलामगिरी बंद करायचा कायदा केला. घाबरू नकोस, लगेच बंद नाही, हळूहळू. एक मार्चनंतर गुलाम बाईला जे मूल होईल ते गुलाम नाही, पण तेही अठ्ठावीस वर्षं मालकाकडे राबेल आणि मगच मोकळं होईल. आधी जन्मलेले आहेत ते आयुष्यभर गुलामच. मात्र मालकानं प्रत्येकाचं नाव आणि वय जिल्ह्याच्या कचेरीत नोंदवलं पाहिजे, एक नोव्हेंबरच्या आत. ज्याचं नाव नोंदवलं नाही, तो त्या दिवसापासून मोकळा. कायमचा!

इथं सगळे धावतपळत नोंदवून आले. तूही गाडी जोड, लँकेस्टरला जा आणि केझाया आणि तिच्या रोडाचं नाव लिहून ये. रोडा दहा वर्षांची म्हणजे अजून पन्नास वर्षं काम करील. तुझ्यामागे सगळं माझ्या मुलाचं, नॅथॅनियलचं होणार आहे, आणि त्याला मेरीलँडच्या तंबाखूच्या शेतावर अशीच तरणी पोर हवी आहे. कायदा हळूहळू असला तरी तू हळूहळू करू नकोस.

(पुढची दोन पानं माझ्या गुडघ्यांबद्दल आहेत.)

तुझी,
मार्जरी


ऑक्टोरारा, २६ जून १७८०

प्रिय मार्जरीताई,

तुझं पत्र केझायानं न्याहारीनंतर वाचून दाखवलं. गुडघ्यांचं वाईट वाटलं. पण ताई, मोठ्या बहिणीला धाकट्या भावानं विचारू नये ते विचारतो. एका मेणबत्तीवाल्याबद्दल अख्खं पान? पेटी कशी होती, तो ती कशी हसत हसत घेऊन आला, त्याचे दात अजून सगळे शाबूत आहेत, हे सगळं मला कळवायची काय गरज? तू चौसष्ट वर्षांची आहेस. माणूस मेणबत्त्या देतो तेव्हा त्याला वाती विकत घेणारं गिऱ्हाईक हवं असतं किंवा बायको.

केझायाला दोनदा विचारलं, असंच लिहिलंय का? म्हणाली, मालक, मी आपल्या मनचं कशाला सांगू.

लँकेस्टरला डोळ्याचा नवा वैद्य आलाय तिथं जा असं तू लिहिलंस. नाही जाणार. पाच तास गाडीत हाडं खिळखिळी करून वैद्य काय सांगणार, तर डोळे गेले. ते मला घरबसल्या माहीत आहे.

इकडे सफरचंदाला फळ बरं धरलंय. हाइनरिख काहीतरी म्हणाला, बहुतेक हवामानाबद्दल.

आर्चिबाल्ड
(हस्ते केझाया)


फिलाडेल्फिया, २० जुलै १७८०

आर्ची,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मेणबत्त्यांवर मी एक ओळ लिहिली. एक! आणि वैद्याचं कुठून काढलंस? मी लिहिलं होतं कचेरी. कचेरीत जा. नावं नोंदव. एक नोव्हेंबर. इतकं सोपं लिहिलंय की तुझ्या हाइनरिखलाही समजावं.

राजापासून मोकळं व्हायचं म्हणून चार वर्षं लढताय तुम्ही पुरुष, आणि कागदावर दोन नावं लिहायला तुमच्यानं उठवत नाही!

मार्जरी

ता. क. हे पत्र एकाच पानाचं आहे, कारण मी चिडले आहे.


ऑक्टोरारा, १४ ऑगस्ट १७८०

ताई,

हे पत्र सांगताना माझा हात थरथरतोय, जरी हात केझायाचा असला तरी.

एकच पान आलं तेव्हाच मी ओळखलं की बातमी वाईट आहे. तू ट्रिंबलशी लग्न करणार! केझायाला म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. तू लिहितेस की मी चिडले आहे, मला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि वर लिहितेस की तो क्वेकर पंथाचा आहे! त्या लोकांच्या प्रार्थनेत तर गातच नाहीत! नुसते गप्प बसतात! आता नव्या पद्धतीनं गाण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, तेवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. पण तेवढंच.

मी शपथ घेऊन सांगतो. हे लग्न मोडल्याचं तू स्वतः, तुझ्या तोंडानं सांगेपर्यंत माझ्या घराचा उंबरठा तुला बंद. आणि तू सांगायला आलीस तरी मी ऐकणार नाही, कारण तू मला लहानपणापासून बोलण्यात गुंडाळतेस.

तर मग सांगायचं कसं, असं केझाया विचारते. तिला म्हटलं, तुझी अक्कल चालवू नकोस, लिही.

आर्चिबाल्ड
(हस्ते केझाया)


फिलाडेल्फिया, २५ सप्टेंबर १७८०

हे पत्र वरून आर्चिबाल्ड मॅकँडलिशला आहे, पण आहे तुला, केझाया.

मला कळायला दोन महिने लागले, याची लाज वाटते. आधी वाटलं भावाला वेड लागलं. मग काल ट्रिंबलची बायको पीठ मागायला आली, तिच्यामागे तिची सात पोरं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तू त्याला वाचून दाखवतच नाहीस! कचेरी आली की वैद्य करतेस, तारीख आली की लग्न लावतेस. माझं लग्न! चौसष्टाव्या वर्षी, सात पोरांच्या बापाशी!

तुझी हुशारी मला आधी कळली असती तर तुला शिकवण्यापासून मी सारालाच अडवलं असतं. गावात दुसऱ्या कुणाला लिहावं, तर तो मूर्ख कुणाशी बोलत नाही. पण ऐक. आज संध्याकाळी तू त्याला माझं जूनचं पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवशील. नाहीतर ऑक्टोबरअखेरीच्या गाडीनं मी स्वतः येते आणि त्याच्या कानात ओरडते. मग तो तुला विकतो की काय करतो, ते तू आणि तो.

मार्जरी डनवूडी


ऑक्टोरारा, ९ ऑक्टोबर १७८०

बाईसाहेबांस,

या पत्राला मालकांचं नाव नाही. ते बाहेर सफरचंदांचा पाक शिजतोय तिथं बसलेत आणि हाइनरिख नीट ढवळत नाही म्हणून त्याला इंग्रजीत शिव्या देतायत. हाइनरिख हसतोय. मला अर्धा तास आहे.

तुम्हाला कळलंच आहे, तर खोटं कशाला. होय, मीच. पहिल्या दिवशी मी लग्नबिग्न काही ठरवलं नव्हतं. वाचता वाचता नावांपाशी आले, केझाया आणि रोडा, आणि जीभ पुढे जाईना. मालक म्हणाले, थांबलीस का? वरच्या ओळीत मेणबत्त्या दिसल्या, मी त्याच पेटवल्या. पान तर भरायलाच हवं होतं, ते कागद चाचपतात. तुम्ही थोडक्यात लिहिलं असतंत तर तुमचं लग्न ठरलं नसतं.

तुम्ही लिहिता, रोडा अजून पन्नास वर्षं काम करील. मी ते वाक्य रोज वाचते. बाईसाहेब, ती आत्ता माझ्या पायाशी बसून अंगठ्यानं पिठात अक्षरं काढतेय. पन्नास वर्षांचा हिशोब तिच्या तोंडाकडे बघून करता येत नाही, मी करून बघितलाय. नॅथॅनियलसाहेब दोन वर्षांचे असताना ताप आला होता, तेव्हा तुम्ही तीन आठवडे त्यांना मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं, असं सारामालकीणबाई सांगायच्या. मेरीलँड किती लांब आहे ते मला माहीत नाही. मांडीपासून लांब आहे एवढं कळतं.

विधिमंडळाला आम्हाला हळूहळू मोकळं करायचंय. रोडा दहा वर्षं आधी जन्मली, म्हणून तिच्यासाठी ते हळूहळू कधीच येणार नाही. तर मी काय वाईट केलं? मंडळ सावकाश, मालक त्याहून सावकाश. मी फक्त त्यांना घाई करू देत नाही.

मी वाचून दाखवणार नाही. एक नोव्हेंबर उलटला की दुसऱ्या दिवशी सगळी पत्रं पहिल्यापासून वाचीन, जशी आहेत तशी, हे वचन देते. तुम्हाला यायचं तर या. रस्ता फार खराब आहे.

केझाया


ऑक्टोरारा गावातली खानावळ
१ नोव्हेंबर १७८०, सकाळ

केझाया,

हे त्याला वाचून दाखव किंवा चुलीत घाल.

रस्ता खराब आहे असं लिहिलं होतंस, ते खरं निघालं. तुझ्या हातचं तेवढंच खरं. दोन दिवस गाडीत उडत उडत काल सकाळी दहा वाजता मी दारात उभी राहिले आणि हाक मारली, ‘आर्ची, मी आलेय!’ आतून आवाज आला, ‘मोडलं का लग्न?’ मी म्हटलं, ‘लग्न नव्हतंच, गाढवा! उद्या एक नोव्हेंबर आहे, कचेरीत जा!’ तो म्हणाला, ‘बघ केझाया, आली की नाही गुंडाळायला! स्तोत्र सांग, मोठं बघून सांग!’

आणि तू एकशे एकोणिसावं काढलंस.

एकशे शहात्तर कडवी, केझाया! तू एक ओळ सांगणार, तो ती ओळ जुन्या रीतीनं ताणून ताणून गाणार, मग पुढची ओळ. मी दार बडवलं. खिडकीतून ओरडले. त्याचा आवाज वयाच्या मानानं अजून खणखणीत आहे, हे मला त्या निमित्तानं कळलं. एकदा तो दमून थांबला तेव्हा मी ‘आर्ची!’ म्हणून ओरडले, तोच तू पुढची ओळ सांगितलीस. स्तोत्र अर्धं टाकणं पाप, हे तुला पक्कं ठाऊक. तीन वाजता तू म्हणालीस, ‘मालक, अजून चाळीस कडवी.’ तो म्हणाला, ‘देवाची कृपा.’

दरम्यान रोडा बाहेर स्टूल घेऊन आली. पावावर गरम सफरचंदाचा पाक. मी म्हटलं, नको. तिनं बशी माझ्या मांडीवर ठेवली आणि शेजारी उभी राहिली. विचारलं, ‘आजी, तुमचे गुडघे दुखतात ना? पत्रात होतं.’ पाक चांगला होता. दालचिनी जास्त पडली होती.

आता एक गोष्ट लिहिते आणि मग हा विषय संपला. काल मागचं, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मला दिसलं होतं. आत जाऊन त्याच्या कानाशी बोलता आलं असतं. पण त्या दाराला पायऱ्या तीन आणि माझे गुडघे दोन, आणि रोडानं तोवर माझा हात धरला होता.

लँकेस्टरची कचेरी आज संध्याकाळी बंद होते. इथून पाच तास. आत्ता निघालं तर पोचता येईल. मी आज दिवसभर खानावळीत पाय शेकत बसणार आहे. नॅथॅनियलला काय सांगायचं ते मी बघीन.

मार्जरी डनवूडी


लँकेस्टर, ८ नोव्हेंबर १७८०

बाईसाहेबांस,

तुम्ही परत फिलाडेल्फियाला सुखरूप पोचला असाल. तुमची चिठ्ठी मी चुलीत घातली नाही.

वचन दिलं होतं त्याप्रमाणे दोन तारखेला न्याहारीच्या वेळी मालकांना म्हटलं, ‘तुमच्या बहिणीची सगळी पत्रं पुन्हा वाचते, या वेळी जशी आहेत तशी.’ त्यांना आधी गंमत वाटली. जूनच्या पत्राच्या मध्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. सगळी वाचून झाली, तुमची खानावळीतलीसुद्धा. मग विचारतात, ‘म्हणजे मेणबत्तीवाला नाहीच?’

‘आहे मालक, पण त्याला बायको आहे.’

‘आणि मी ऑगस्टपासून झोपलो नाही!’

मग संतापले. काठी आपटली, मीठ सांडलं. ‘विधिमंडळाला पत्र लिही! आत्ताच्या आत्ता!’ मी कागद घेतला. ‘लिही, माझ्या गुलाम बाईनं मला फसवून...’

‘गुलाम नाही.’

‘काय नाही?’

‘कालपासून गुलाम नाही. पुढे सांगा.’

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मीही लेखणी खाली ठेवली. मला वाटलं होतं त्या क्षणी मी हसेन. मी रडले, आणि त्यांना दिसत नाही म्हणून मनसोक्त रडले. मग त्यांनी हळूच विचारलं, ‘रोडापण?’ मी म्हटलं, ‘रोडापण.’ त्यांचे कान चांगले आहेत, तरी मी ते मोठ्यानं म्हटलं.

दुपारी म्हणाले, राहा, पगार देतो. मी म्हटलं, विचार करून सांगते. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला म्हटलं, आणि म्हणून इतकं बरं वाटलं की विचार करायला तीन दिवस घेतले. मग नाही म्हणून सांगितलं.

पण त्यांना तसंच टाकून निघाले नाही, तुम्ही काळजी करू नका. पलीकडच्या म्हाताऱ्या मॅकइल्वेनसाहेबांकडे गेले. ते रोज येऊन तुमची पत्रं वाचून दाखवतील, उत्तरंही लिहितील. त्यांची एकच अट आहे. वाचन झालं की दोघांनी मिळून एक गीत म्हणायचं, नव्या पद्धतीनं, ओळ न सांगता. मालक अर्धा दिवस तोंड फिरवून बसले. मग म्हणाले, ‘एकच कडवं.’ परवा पहिल्यांदा गायले. आधी कोण संपवतो यावर भांडले आणि मग कॉफी प्यायले. वर्षभरानंतर त्या घरात इंग्रजीत भांडण झालं. हाइनरिखला फार आनंद झाला.

एक विनंती आहे. तुमचं पुढचं पत्र आता मॅकइल्वेनसाहेब जसंच्या तसं वाचणार. तेव्हा गुडघ्यांचं जरा कमी लिहा आणि भावाची चौकशी जास्त करा. एप्रिलच्या पत्रात एक ओळ त्यांनी मला खोडायला लावली होती. मी खोडली होती, पण वाचता येईल इतपत. जमल्यास काढून बघा.

आता आम्ही लँकेस्टरला आहोत. इथं एका शिंपिणीकडे मला शिवणाचं काम मिळालंय. पण आल्या आल्या आधी त्या कचेरीत गेले. कारकुनाला म्हटलं, मॅकँडलिश यांच्या नावाखाली बघा, केझाया आणि रोडा आहेत का. त्यानं वही उलटली. म्हणाला, नाहीत. म्हटलं, पुन्हा बघा. त्यानं पुन्हा बघितलं आणि वैतागून म्हणाला, ‘बाई, नाही म्हणजे नाही!’ मी त्याचे आभार मानले.

बाहेर आल्यावर रोडा हिरमुसली होती. म्हणाली, एवढी मोठी वही आणि आपलं नाव कुठेच नाही? मी म्हटलं, त्या वहीत नाही. तुला हवं तर तू लिही, पत्राच्या खाली जागा आहे.

तिनं लिहिलंय. अर्धं पान घेतलंय. किती जागा घ्यायची ते मी तिला सांगितलं नाही.

केझाया

रोडा